खाऱ्या हवेत जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घरच्या घरी कशी सांभाळायची?

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात होड्या वर ओढल्या जातात. त्यांचा तळ खरवडला जातो, रंग लागतो, इंजिनं उघडून तपासली जातात. खारी हवा लोखंडाचं काय करते, हे इथल्या मच्छीमारांना वेगळं सांगावं लागत नाही.

हाच हिशोब जुन्या मोटारीलाही लागू होतो. मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षं नीट राहिलेली गाडी हौसेनं गावच्या घरी आणली आणि पडवीत उभी करून ठेवली, तर काही पावसाळ्यांतच तिची रया जाते. गंमत म्हणजे आधी इंजिन जात नाही, पत्रा जातो. इंजिनाचे पार्ट आजही मागवता येतात. पण आतून कुजलेली बॉडी पुन्हा उभी करणं हे सगळ्यात खर्चिक काम असतं. म्हणून किनाऱ्यावर गाडी सांभाळण्याचा पहिला नियम असा : आधी पत्रा, मग इंजिन.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय?

ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन नावं हमखास येतात, एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर. दोन्ही १९६२ साली आल्या आणि दोन्हींचं उत्पादन १९८० पर्यंत चाललं. छोटी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी आणि साधं चार सिलिंडरचं इंजिन, असा हा मामला.

भारतात या गाड्या मोजक्याच. पण स्पिटफायरची एक बहीण आपल्याकडे घरोघरी माहीत होती. ती म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड १९६१ पासून इथे बनवायला घेतली. स्पिटफायर याच हेराल्डची चेसिस आखूड करून तयार झाली होती आणि दोन्हींचं डिझाईन इटलीच्या जिओव्हानी मिकेलॉट्टी यांचं. त्यामुळे पुढची बरीचशी माहिती हेराल्डवाल्यांच्याही कामाची आहे.

किनाऱ्यावर गंज इतका का चढतो?

लाटा फुटतात तेव्हा मिठाचे बारीक कण हवेत उडतात आणि वाऱ्यासोबत आत येतात. पत्र्यावर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच विरघळू लागतं. म्हणजे पाऊस नसला तरी गाडीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. सिंधुदुर्गात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात चाकांच्या कमानीत आणि चेसिसच्या कोपऱ्यांत अडकलेली लाल माती दिवसेंदिवस ओली राहते. गंजाला आणखी काय हवं?

बोटीच्या तळाला जस्ताचे तुकडे लावतात, ते झिजतात आणि लोखंड वाचतं. मग गाडीला का लावू नयेत? कारण ही युक्ती जस्त आणि लोखंड दोन्ही एकाच पाण्यात बुडालेली असतील तरच चालते. हवेत उभ्या असलेल्या गाडीला तिचा उपयोग नाही.

गंज नेमका कुठे शोधायचा?

वरचा रंग चकाचक असला तरी फसू नका. या जागा आधी बघा :

- दाराखालची लांब पोकळ पट्टी, म्हणजे सिल. एमजीबीला वेगळी चेसिस नाही आणि स्पिटफायरची चेसिसही बाजूंनी मोकळी आहे. त्यामुळे दोन्ही गाड्यांत सिल हा दिखाऊ भाग नाही, गाडीचं वजन पेलणारा भाग आहे.
- पायाखालचा पत्रा. मॅट उचलून बघा. खाली ओल असेल तर पाणी टपातून किंवा काचेच्या रबरातून येतंय.
- चाकांच्या कमानी, डिकीचा तळ आणि दारांची खालची कड.

साधी परीक्षा चुंबकाची. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक जिथे चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असण्याची शक्यता असते. दुसरी खूण दारांच्या फटीची. उघड्या टपाच्या गाडीत दार मध्येच अडकू लागलं किंवा वरची फट कमी झाली, तर सिल कमजोर होऊन गाडी मधून बसत असू शकते. अशा वेळी पुट्टी लावून रंग मारणं म्हणजे दुखणं झाकणं. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावाच लागतो.

रोजच्या बचावासाठी तीन गोष्टी पुरतात. किनाऱ्यावरून फिरून आलात की गाडी खालूनसुद्धा गोड्या पाण्यानं धुवा. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, नाहीतर मीठ काढायच्या नादात मीठच लावाल. दारांच्या आणि सिलच्या तळाशी असलेली पाणी जायची भोकं तारेनं मोकळी ठेवा. आणि पोकळ भागांत मेणासारखं अँटी-रस्ट वर्षातून एकदा, गाडी पूर्ण कोरडी असताना, नळीनं आत मारा.

प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर घट्ट बांधू नका. आतली वाफ बाहेर जात नाही आणि पत्रा घामेजतो. वर छप्पर, बाजूंनी वारा आणि अंगावर हवा खेळणारं कापडी कव्हर, ही जोडी चांगली.

गाडी सुरूच होत नाही, मग काय करायचं?

अंदाजानं पार्ट बदलत बसू नका. क्रम ठरलेला आहे : बॅटरी, अर्थ, ठिणगी, पेट्रोल.

बॅटरी : पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास किंवा खाली असेल तर आधी चार्ज करा.

अर्थ : चावी फिरवल्यावर नुसता 'टक्' आवाज येतो? बॅटरी चांगली असेल तर इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी बघा. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावा, मग कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर जोड खराब आहे. तो सोडवून घासा, घट्ट करा आणि वर ग्रीस लावा. ल्युकस कंपनीच्या वायरिंगवर 'अंधाराचा राजपुत्र' असा जुना विनोद आहे, पण निम्म्या तक्रारी अशा हिरव्या पडलेल्या जोडांच्याच असतात.

इथे एक सावधगिरी. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत आणि त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. आपल्या गाडीत कोणतं आहे ते बघितल्याशिवाय नवी बॅटरी, रेडिओ किंवा मोबाईल चार्जर जोडू नका.

ठिणगी : पावसाळ्यात पहिला संशय डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर. टोपी काढा, आतून कोरड्या फडक्यानं पुसा, बारीक तडे आहेत का बघा. पॉइंट्समधली फट साधारण ०.३८ मिलिमीटर आणि स्पार्क प्लगची ०.६४ मिलिमीटर, हे आकडे एमजीबीसाठी. बाकी गाड्यांचे त्यांच्या पुस्तकात मिळतात. ठिणगी तपासताना प्लग रबरी मुठीच्या पक्कडीत धरा आणि आजूबाजूला पेट्रोलचा वास नाही ना, याची खात्री करा.

पेट्रोल : एमजीबीत इलेक्ट्रिक पंप असतो. चावी दिली की तो टिकटिकतो आणि थांबतो. आवाजच आला नाही तर पंपावर हलकी टिचकी मारून बघा. त्यानं पंप चालू झाला तर आतले पॉइंट्स झिजलेत. स्पिटफायर आणि हेराल्डमध्ये इंजिनावर चालणारा पंप असतो, तिथे आतल्या पडद्याकडे आणि नळ्यांकडे लक्ष द्या.

कार्ब्युरेटर : उगाच उघडू नका

एमजीबीत आणि स्पिटफायरच्या बहुतेक मॉडेलमध्ये दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. त्यात एक पिस्टन इंजिनाच्या ओढीप्रमाणे वर-खाली होतो आणि त्याला लावलेली सुई पेट्रोल कमी-जास्त करते. इतकं साधं यंत्र आहे. अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळत असेल तर वरची टोपी उघडून आत तेल आहे का बघा. पिस्टन बोटानं उचलून सोडला की 'टक्' असा आवाज करत खाली बसायला हवा. अडकत असेल तर साफ करा. स्क्रू फिरवणं सगळ्यात शेवटी.

ई२० पेट्रोलचं काय?

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्या बनल्या तेव्हा त्यांच्या नळ्या आणि रबरं अशा इंधनासाठी नव्हती. दोन प्रश्न येतात. जुनं रबर फुगतं किंवा तडकतं आणि इंजिनाजवळ पेट्रोल गळायला लागतं, म्हणजे थेट आगीचा धोका. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. दमट हवेत गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसून पत्रा आतून गंजवू शकतो.

उपाय : सगळ्या जुन्या नळ्या आणि सील इथेनॉल चालणारे बसवा. गाडी लांब काळ उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून घ्या आणि कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालवा.

घाटात तापते, उतारावर ब्रेक लागत नाहीत

मालवणहून कोल्हापूर किंवा बेळगावकडे जायचं तर फोंडा, गगनबावडा किंवा आंबोलीसारखा घाट चढावाच लागतो. किनाऱ्यावर कधी न तापणारी गाडी इथे तापते. निघण्याआधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती आणि किडे काढा, पंख्याचा पट्टा मधोमध दाबून साधारण १३ मिलिमीटर ढिला आहे का बघा. विहिरीच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी पिऊन घेतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या आत उकळायला नको, असा नियम आहे. पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून ऑइल नेहमी सीलबंद डब्यातलं घ्या आणि किनाऱ्यावर दरवर्षी बदला.

गाडीखाली जाण्याआधी

गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरू नका. कोकणात हाताशी चिरे असतात म्हणून तेच टेकू देण्याचा मोह होतो. जांभा अचानक फुटतो. लोखंडी स्टँडच वापरा, तेही फरशीवर किंवा जाड फळीवर. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळण्याआधीच जीव घेतो. पाने इंचाचे घ्या. अर्ध्या इंचाचा बोल्ट १२.७ मिलिमीटरचा असतो, त्यावर १३ चा पाना घसरतो आणि डोकं गोल होतं.

कागदपत्रांचा आणि पत्र्याचा संबंध

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या खाजगी दुचाकी-चारचाकीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. नूतनीकरणाला ५ हजार. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. शिवाय गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. म्हणजे पत्रा वाचवणं हा फक्त हौसेचा भाग राहत नाही, गाडीची ओळखही त्यावरच टिकते.

वर्षाचं सोपं वेळापत्रक

- मे : धुणं, पूर्ण वाळवणं, पोकळ भागांत अँटी-रस्ट, टाकी रिकामी, बॅटरी काढून घरात.
- जून ते ऑगस्ट : दर पंधरा दिवसांनी कव्हर काढून हवा देणं, मॅटखाली ओल बघणं, बॅटरी चार्ज करणं.
- नारळी पौर्णिमेनंतर, पाऊस ओसरला की : ताजं पेट्रोल, नवं ब्रेक ऑइल, अर्थचे जोड साफ, मग पहिली फेरी.
- बाकीचे महिने : आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण गरम होईल इतकी, अर्ध्या तासाची फेरी. नुसतं दोन मिनिटं चालू करून बंद केलं तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून गंजतो.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. ज्यांची डागडुजी दोन महिन्यांत नीट झाली, त्या हंगामभर दगा देत नाहीत. पडवीतल्या जुन्या गाडीचंही तसंच आहे. तिचं वर्ष कसं जाणार, हे पावसाळ्यातच ठरतं.