मन मोजायची प्रश्नावली, पण कोणत्या भाषेत? सुरतमधला मराठी पुरुष आणि नर्सिंग संशोधन

सुरत : लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा. खान्देशातल्या कित्येक गावांचा अर्धा संसार या भागांत आहे. लूम, डाइंग मिल आणि कापड मार्केटमधली ही माणसं घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि कामावर गुजराती बोलतात. आजारी पडली की स्मीमेर नाहीतर नवी सिव्हिल. तिथे पुरुष सांगतो ते कंबरेचं, पोटाचं, झोपेचं. ‘मन लागस नही’ हे मात्र सहसा घरातच राहतं, बऱ्याचदा तिथेही निघत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यात १,२२,७२४ पुरुष होते आणि एकूण आकड्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा रोजंदारीवाल्यांचा होता. नर्सिंगमधलं संशोधन कामाला येतं ते इथे. वॉर्डात रात्रभर पेशंटजवळ असते ती सिस्टर किंवा ब्रदर. मनाचं पहिलं वाक्य त्यांच्याच कानावर पडण्याची शक्यता जास्त. अमेरिकेतल्या हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ सालीच पुस्तक लिहून पेशंट आणि परिचारिका यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग असल्याचं मांडलं होतं.

या अभ्यासांत हत्यारं ठरलेली असतात. पीएचक्यू-९ मध्ये मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि कमाल २७ गुण. १० किंवा जास्त आले तर पुढची तपासणी हवी. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा, स्वतःला इजा करण्याचा. त्याला ‘हो’ आलं तर कागद फायलीत टाकून चालत नाही, त्या माणसाला त्याच दिवशी मानसोपचार विभागात पोचवावं लागतं. म्हाताऱ्यांसाठी जीडीएस, छोट्या रूपात १५ प्रश्न आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते जमतं. शिवाय त्यात अंगदुखी, भूक असले प्रश्न मुद्दाम टाळलेले आहेत, कारण या वयात ते कुणालाही असतंच.

खरी अडचण भाषेची. इंग्रजी प्रश्नावली गुजरातीत केली, ती दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करून ताडून पाहिली, तरी ती शहाद्याहून मुलाकडे राहायला आलेल्या बाबांसाठी परकीच. वरच्या मजल्यावरची खोली, खाली ओटा नाही, बोलायला शेजारी नाही. तिथे न समजलेल्या प्रश्नाला मान हलवून दिलेला ‘हा’ कागदावर आजार म्हणून चढू शकतो, नाहीतर खरा आजार सुटूनही जातो. मराठी भाषांतरं उपलब्ध आहेत. सुरतेत अभ्यास करणाऱ्याने ती मागवायला हवीत, आणि अहिराणी जाणणारा कुणी सोबत घ्यायला हवा.

दुसरी अडचण दारूची. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची पट्टी ‘किती वेळा पिता’ असं सरळ विचारते. नवापुरात हा प्रश्न वेगळा आणि सुरतेत वेगळा. गुजरातेत दारूबंदी आहे. गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं तर खरं कोण सांगेल? पुरुषांची उदासी अनेकदा चिडचिड आणि पिण्याच्या रूपाने दिसते, म्हणून हा आकडा कमी आला तर अभ्यासच लंगडा पडतो. दुपारी घरोघर जाऊन माहिती घेतली तर दिवसपाळीचा माणूस कामावर आणि रातपाळीचा झोपेत. भेटतात बायका आणि म्हातारी. बायकोसमोर विचारलं तर उत्तर एकच : ‘सब ठीक है.’

विद्यार्थ्यांच्या प्रबंधांबद्दलही बोललं पाहिजे. लहान नमुना, आधी चाचणी, मध्ये माहितीपर व्याख्यान, नंतर तीच चाचणी, आणि ‘ज्ञान वाढले’ हा निष्कर्ष. ज्ञान वाढणारच! झोप सुधारली का, महिन्याने तो माणूस ओपीडीत परत आला का, हे मोजायला वेळ लागतो, आणि पदवीच्या मुदतीत तेवढा वेळ बसत नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गुजरात होतं, महाराष्ट्र नव्हतं. म्हणजे या कुटुंबांचं गावाकडचं टोक त्यातही मोजलं गेलं नाही.

तोवर एक नंबर जवळ ठेवावा. टेली-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आणि चोवीस तास आहे. मराठीत बोलायचं असेल तर फोन लावतानाच भाषा निवडावी.