खोगीर आणि घाम

'खोगीरभरती' हा शब्द आपण सगळेच वापरतो. समितीत बिनकामाची नावे भरली, सभेत भाषणे वाढली की म्हणतो, ही सारी खोगीरभरती. खोगिरात चिंध्या आणि जुनेरे कोंबत, त्यावरून हा शब्द रूढ झाला. वर्गात मुलांना आम्ही या शब्दाची दुसरी बाजूही सांगतो. खोगीर मूळचा फारसी. 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा, टिपणारा. घोड्याच्या पाठीचा घाम टिपते ते खोगीर. हे सांगताना आम्हांला अभिमान वाटे. आपल्या भाषेतला शब्द मराठीच्या घरात किती खोलवर जाऊन बसला आहे! पण घाम टिपणे म्हणजे नेमके काय, ते आम्ही शिकलो लोणावळ्यातल्या एका घोड्याच्या पाठीवरून.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे पर्यटकांना घोड्यावरून फिरवतात. घोडा एकच. देशी तट्टू, उंचीने बेताचे, पाठीने रुंद. एका उन्हाळ्यात उसनवारी करून त्यांनी शहरातल्या एका जाणत्या कारागिराकडून नवे जीन करून घेतले. कारागिराने आगाऊ रक्कम घेतली, चामड्याचा रंग विचारला. घोडा मात्र पाहिला नाही. पाऊस लागला, भुशी धरणाकडे गर्दी लोटली आणि पंधरा दिवसांत घोड्याची पाठ सोलवटली. मालकाने जिनाखाली घोंगडी घातली, मग तिच्यावर दुसरी. जखम वाढतच गेली. ऐन हंगामात घोडा दावणीला आणि मालक घरी. कारागिराला विचारले तर म्हणाला, "भाई, नवं जीन आहे, बसेल हळूहळू."

या एका वाक्यामुळे आम्ही जिनाचा इतिहास शोधू लागलो.

मावळ हा तसा पायदळाचा मुलूख. शिवाजी महाराजांचे मावळे म्हटले की डोंगर चढणारी माणसे डोळ्यांपुढे येतात, घोडेस्वार येत नाहीत. पण स्वराज्याची घोडदौड याच खोऱ्यांच्या आधाराने वाढली आणि पुढे याच मावळातल्या तळेगावच्या दाभाडे घराण्याकडे सेनापतिपद आले. खंडेराव दाभाडे 1717 मध्ये सेनापती झाले. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव 1731 मध्ये डभोईच्या लढाईत पडले. त्यानंतर उमाबाई दाभाडे यांनी घराण्याचा कारभार सांभाळला.

त्या फौजांत स्वार दोन प्रकारचे असत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि साज सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचा साज, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. शिलेदार म्हणजे मूळचा 'सिलाहदार', हत्यार बाळगणारा. त्याची इभ्रत आणि पगार दोन्ही घोड्यावर अवलंबून. घोडा मेला किंवा निकामी झाला, तर शिलेदाराचा बारगीर व्हायला वेळ लागत नसे. तेव्हा खोगिराचा एक चुकीचा टाका म्हणजे नुसते जनावराचे दुखणे नव्हते. त्यात एका घराची पायरी घसरत होती. ही पद्धत पुढे इंग्रजांनीही उचलली. 1817 मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या पलटणींत ती चालली आणि पहिल्या महायुद्धानंतर 1921 च्या सुमारास बंद झाली. लोणावळ्याचे आमचे गृहस्थ हे, आम्ही समजतो, त्या शिलेदारांचेच वारस. घोडा त्यांचा, साज त्यांचा, नुकसानही त्यांचेच.

1697 च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा, दोघांचीही बखरकाराने गणती केली. हे वाचून आम्हांला बरे वाटले, कारण नालबंद हे आडनाव आजही महाराष्ट्रातल्या किती तरी मुस्लिम घरांत आहे. पण खोगीर शिवणाऱ्याची गणती तिथे नाही. तोही होताच. जीनगर हा महाराष्ट्रातला हिंदू कारागीर समाज, आणि त्याचे नाव मात्र फारसी, 'जीन' आणि 'गर' मिळून झालेले. तंग, दुमची, रिकीब, लगाम, झूल हे शब्दही फारसी-अरबीतून आले आणि मराठीच झाले. महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी पागेतले हे शब्द टिकून राहिले. ते मौलवींनी राखले नाहीत की पंडितांनी. रोज तंग आवळणाऱ्या हातांनी राखले आणि त्या हातांची जात-जमात एक नव्हती.

जुने देशी खोगीर मऊ असे. कापूस, लोकर किंवा नमदा भरलेली जाड गादीच ती. घोड्याच्या पाठीला ती जुळवून घेई आणि दबली की उसवून पुन्हा भरता येई. म्हणजे खोगीरभरती हे मुळात टाकाऊ काम नव्हते, ती देखभाल होती. 1728 मध्ये पालखेडला बाजीराव पेशव्यांनी निजामाला कोंडीत धरले ते हलक्या सामानाच्या आणि लांब मजल मारणाऱ्या स्वारांच्या बळावर. अशी मजल पाठ सोलवटलेल्या घोड्याला मारता येत नाही.

1818 मध्ये पेशवाई गेली, पागा मोडल्या. बोरघाटातून 1830 मध्ये गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली आणि लोणावळ्याला नवे दिवस आले. फौजेत कठीण सांगाड्याचे इंग्रजी जीन रुळले आणि 1857 नंतर कानपुरात सरकारने घोड्याच्या साजाचा मोठा कारखाना चालवला. साचा एक, घोडे हजार. या अडचणीची कल्पना फौजेलाही होती. हिंदुस्थानात नोकरी केलेले लष्करी पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी 1891 मध्ये जीन आणि सोललेल्या पाठी या एकाच विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याकडेही असे लेखन होते. रेख्तीसाठी आपण ज्यांना ओळखतो त्या सआदत यार खाँ रंगीन यांनी उर्दूत 'फरसनामा' लिहिला, 1911 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. आम्ही रंगीन यांचे नाव परीक्षेसाठी पाठ केले. त्यांना घोडाही कळत होता, हे आम्हांला कुणी शिकवले नाही.

आता पाठीविषयी. स्वाराचे वजन कण्यावर येता कामा नये. ते कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवर पसरले पाहिजे. जिनाची पुढची कमान आणि पाठीचा उंचवटा यांत दोन-तीन बोटे सहज जावीत. कमान अरुंद असेल तर ती दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरते. अशा वेळी खाली घोंगडी घालणे म्हणजे घट्ट जोड्यात दुसरा मोजा घालणे. फेरीनंतर जीन उतरवून घाम पाहावा. चहूकडे ओले आणि मध्येच एक कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाब असल्याची शंका घ्यावी आणि हाताने चाचपावे. घोडा अंग आकसतो तिथे दुखणे असते. घाम टिपणाऱ्या खोगिराचा खरा अर्थ आम्हांला इथे उमगला. घाम ही घोड्याची तक्रार. ती वाचायची आपण.

जनावराची तक्रार ऐकणे हा आपल्या दीनचाही भाग आहे. पैगंबर (स.) एका अन्सारीच्या बागेत गेले असता एका उंटाने त्यांच्यापुढे अश्रू ढाळले, तेव्हा त्यांनी त्याच्या मालकाला बोलावून उपासमारीचा आणि अतिश्रमाचा जाब विचारला, अशी हदीस आहे. व्यवहाराचेही नियम आहेत. मालात ऐब निघाला तर तो परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. करून घेतलेली वस्तू ठरल्याप्रमाणे नसेल तर ती नाकारता येते. आपण मात्र मशिदीत फिकहचा दर्स ऐकतो आणि बाजारात 'बसेल हळूहळू' ऐकून परत येतो.

आम्ही परत आलो नाही. जाड तार घेऊन घोड्याच्या उंचवट्यावर वाकवली, तिचा आकार शाळेतल्या जुन्या तक्त्याच्या पुठ्ठ्यावर उतरवला आणि कापला. तो पुठ्ठा आणि जीन घेऊन मालकासह कारागिराकडे गेलो. आवाज चढवायचा नाही, असे आधीच ठरवले होते. कारागिराने पुठ्ठा कमानीत बसवून पाहिला. बसेना. उलटा करून पाहिला, तरी बसेना. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "अब्बा आधी घोडा बघायचे, मग चामडं कापायचे." भरती बदलून भागण्यासारखे नव्हते, सांगाडाच अरुंद होता. त्याने रुंद सांगाडा घालून दिला, मजुरी घेतली नाही, आणि गाद्या भरायला स्वतः लोणावळ्याला आला.

हंगाम मात्र गेला तो गेलाच. त्या वर्षी मालकाने दुसऱ्याच्या घोड्यामागे रोजंदारीने चालून घर चालवले. शिलेदाराचा बारगीर झाला.

पाठ भरून आली. जखमेच्या जागी आता पांढरे केस उगवले आहेत, दोन्ही बाजूंना रुपयाएवढे. घोड्याच्या अंगावर चुकीच्या जिनाची नोंद बहुधा अशीच राहते. बखरकाराने नालबंद मोजला, जीन शिवणारा मोजला नाही. घोड्याने मात्र तो मोजलेला असतो. वर्गात आम्ही आजही खोगीर शब्दाची फोड सांगतो. पण आता मुलांना विचारतो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी घोडा आहे? हात वर झाला तर त्याला म्हणतो, आज घरी गेल्यावर जीन उतरव आणि घाम बघ.