रस्त्यावरची पांढरी रेषा

काही महिन्यांपूर्वी मी नवी गाडी घेतली. गाडी मार्गिका सोडू लागल्यास चालकाला सावध करणारी आणि प्रसंगी स्टिअरिंग हलकेच मागे वळवणारी व्यवस्था तीत आहे. पहिल्याच लांबच्या प्रवासात, दिल्लीबाहेरच्या एका महामार्गावर, ट्रकला ओलांडण्यासाठी मी उजवीकडे वळलो, तोच स्टिअरिंगने हाताला विरोध केला. क्षणभर वाटले, गाडीत दोष आहे. दोष माझा होता; मी इंडिकेटर दिला नव्हता. चालक मार्गिका जाणूनबुजून बदलतो आहे की डुलकी घेतो आहे, हे यंत्र मुख्यतः त्या दिव्यावरून ठरवते. तीस वर्षे गाडी चालवूनही ही साधी शिस्त माझ्या अंगवळणी पडली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

तासाभराने रस्तादुरुस्तीचा टप्पा आला आणि समोरच्या फलकावरचे रेषांचे चिन्ह विझले. रस्ता होता, पण त्यावर रेषा नव्हती. त्यामुळे ते सारे तंत्रज्ञान गप्प झाले. त्या रेषेचा इतिहास पाहावा, असे तेव्हा मनात आले.

तो इतिहास एका स्थानिक रस्ते मंडळापाशी जाऊन पोचतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, वेन काउंटीच्या रस्ते मंडळाचे सदस्य एडवर्ड हाइन्स यांनी १९११ साली रस्त्याच्या मध्यावर रेषा आखून घेतली. दुधाच्या गळक्या गाडीमागे उमटलेली पांढरी धार पाहून त्यांना हे सुचले, अशी आख्यायिका आहे. कॅलिफोर्नियात डॉ. जून मॅकॅरोल यांनी याच कल्पनेचा स्वतंत्रपणे पाठपुरावा केला आणि १९२४ साली त्या राज्याने ती स्वीकारली. रंगाचा एक पट्टा पोलीस उभा न करता अनोळखी माणसांत रस्त्याची वाटणी करून देतो. इतक्या अल्प खर्चात इतके व्यापक नियमन करणाऱ्या शासकीय कृती फार थोड्या असतील.

पुढे प्रश्न आला तो असा, की वाहनाला मार्गिकेत ठेवणारी बुद्धी रस्त्यात असावी की वाहनात? पहिली काही दशके कौल रस्त्याच्या बाजूने होता. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने स्वयंचलित महामार्गांचे स्वप्न दाखवले. १९५७ साली नेब्रास्का राज्यात लिंकन शहराबाहेर आरसीए कंपनीने ४०० फुटांच्या रस्त्याखाली तारा पुरून वाहन चालवण्याचा प्रयोग केला. १९९७ साली सॅन दिएगो येथे रस्त्यात बसवलेल्या चुंबकांच्या आधाराने मोटारी धावल्या. हे प्रयोग यशस्वी होऊनही व्यवहारात रुजले नाहीत. त्याचे एक मोठे कारण अर्थशास्त्रीय आहे. तारा वाचणाऱ्या गाड्या नसताना शासन हजारो मैल तारा का पुरील? आणि तारा नसताना ग्राहक तशी गाडी का विकत घेईल? आधी खर्च कोणी करायचा, याचे उत्तर मिळाले नाही.

दुसरी वाट वाहनात डोळे बसवण्याची होती. जर्मनीत एर्न्स्ट डिकमान्स यांची कॅमेऱ्यांनी सज्ज व्हॅन १९८७ साली मोकळ्या महामार्गावर ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेगाने धावली. १९९५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी पिट्सबर्गहून सॅन दिएगोपर्यंत प्रवास केला. त्यातील ९८ टक्क्यांहून अधिक अंतरात स्टिअरिंग संगणकाने सांभाळले. २००० च्या सुमारास युरोपातील मालवाहू ट्रकमध्ये आणि लगोलग जपानी मोटारींमध्ये ही सोय विक्रीस आली. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत आणीबाणीत मार्गिका राखणारी यंत्रणा बंधनकारक आहे.

ग्राहकाने स्वतःपुरते पैसे मोजले आणि कोंडी फुटली, असे वरवर दिसते. परंतु हा कॅमेरा मुख्यत्वे वाचतो काय? काळ्या डांबरावरची पांढरी रेषा. आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक वस्तू शिकवताना दीपगृहाचे उदाहरण देत. रेषा ही त्याच जातीची. एकाने पाहिली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही आणि पाहणाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. म्हणूनच ती पुसट झाली तर खास आपले नुकसान झाले, असेही कोणाला वाटत नाही. लाखो रुपयांची खाजगी गाडी अखेर काही लिटर सरकारी रंगावर विसंबून असते.

आपल्याकडे नियमांची उणीव नाही. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतूनच १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. रस्त्यावरील खुणांविषयीची तिची संहिता १९७० साली निघाली. १९९७ व २०१५ साली ती सुधारली गेली. मार्गिकेची शिस्त २०१७ च्या वाहनचालन विनियमांत नमूद आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने बस व ट्रक यांसारख्या मोठ्या वाहनांत मार्गिका सुटल्याचा इशारा देणारी यंत्रणा बसवण्यासंबंधी मसुदा प्रसिद्ध केला.

उणीव आहे ती देखभालीची. नव्या रस्त्याचे उद्‌घाटन होते; पुसट रेषा पुन्हा रंगवल्याचा समारंभ कोणी करत नाही. अर्थसंकल्पात बांधकामाचा आकडा डोळ्यांत भरतो, देखभालीचा आकडा कात्री लावायला सोयीचा ठरतो. हे मी बाहेरून बोलत नाही. अशा कात्र्या मीही चालवल्या आहेत. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. ती सगळी रेषेअभावी गेली, असे कोणी म्हणणार नाही. परंतु रात्रीच्या पावसात रस्त्याची कड दिसणे म्हणजे काय, हे घाटातून गाडी चालवलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आणि ती कड गाडी नसलेल्या पादचाऱ्याच्याही उपयोगाची असते.

यंत्रालाही मर्यादा आहेत. उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर ही त्याच्या लेखी मार्गिकेची बाब नव्हे. तिथे हात आणि डोळे आपलेच लागतात. असो. आता मी न चुकता इंडिकेटर देतो. आणि देखभालीच्या तरतुदीची फाईल समोर आली, की सही करण्यापूर्वी ते विझलेले चिन्ह आठवते.