दंशाची सूज आणि एक क्षणजीवी रेणू

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे काळी नदीचे उगमस्थान. दिग्गीपासून अणशीपर्यंत घनदाट अरण्य, आणि त्यात विखुरलेल्या कुणब्यांच्या व गवळ्यांच्या वस्त्या. सर्पदंश येथे अपरिचित नाही. नाग किंवा घोणस चावली की अंग सुजते, आणि ती सूज सर्वस्वी विषाचीच असे आपण धरून चालतो. ही समजूत अर्धीच खरी. गंमत अशी की, उरलेल्या अर्ध्या सत्याचा पहिला धागा नागाच्या विषानेच हाती दिला.

हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले फेल्डबर्ग १९३८ मध्ये मेलबर्नला केलावे यांच्यासह काम करीत होते. दोघांनी गिनिपिगाच्या फुप्फुसात नागाचे विष सोडले व बाहेर येणारा द्रव आतड्याच्या तुकड्यावर घातला. आतडे आकसले. हिस्टामिनही आतड्याला आकसविते, पण झटक्यासरशी. हे आकुंचन संथपणे वाढले आणि बराच वेळ टिकले. म्हणून या द्रव्याला 'मंदक्रिय द्रव्य' म्हणू लागले. १९४० मध्ये केलावे व ट्रेथेवी यांना विषाचा थेंबही नसताना, केवळ अ‍ॅलर्जीच्या प्रकोपात, तसेच द्रव्य आढळले. म्हणजे ते सापाचे नव्हे, देहाचे!

पुढची उकल स्टॉकहोमला, १९७९ मध्ये. पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांतून अ‍ॅराकिडॉनिक आम्ल सुटते. विषातील फॉस्फोलायपेज नेमके हेच घडविते. त्या आम्लापासून पांढऱ्या पेशी ल्युकोट्रीन ए-४ बनवितात, आणि ते पाण्यात काही सेकंदांतच मोडते. सॅम्युएल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कोहोल मिसळून त्याला वाटेतच पकडले. कोरी यांनी ते प्रयोगशाळेत घडवून दाखविले. त्याच्या एका फाट्यातून पांढऱ्या पेशींना पाचारण करणारे बी-४ निघते, दुसऱ्यातून श्वासनलिका आवळणारे सी-४. मंदक्रिय द्रव्याचे कोडे या दुसऱ्या फाट्याने सुटले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात सॅम्युएल्सन यांचा वाटा होता. आजही संशोधक हे ए-४ एस्टरच्या रूपात अतिथंड ठेवतात आणि प्रयोगाच्या ऐन वेळी मोकळे करतात.

मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी घोड्यांच्या रक्तातून तयार झालेले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर चालते. जोयड्याच्या झाडांवरील मलबारी चापडा त्या चौघांत नाही. शिवाय प्रतिविष विषाला निष्प्रभ करते, देहाने आधीच निर्मिलेल्या द्रव्यांना नव्हे. म्हणूनच ते वेळेवर टोचले जावे लागते, आणि टोचल्यावरही सूज काही दिवस रेंगाळते. तशा सुजल्या पायाला घट्ट दोरी आवळली, तर यातनांत भरच पडते.