तंबूतला कार्बन

गेल्या उन्हाळ्यात कन्हेरीला बहिणीकडे गेलो होतो. तिच्या नातवाने पेन्सिल सोलून आतले शिसे काढले आणि मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीला तारांनी जोडले. आधी धूर निघाला, मग शिसे लालभडक होऊन क्षणभर तळपले आणि मधेच तुटले. "आजोबा, पाहिलंत?" पोरगा आनंदाने ओरडला. मी आधी तारा काढल्या, मग त्याला रागे भरलो. मन मात्र पोचले होते लहानपणीच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमाकडे.

पेन्सिलीच्या शिशात शिसे नसतेच. ग्रॅफाइट आणि माती एकत्र भाजून ते करतात. ही रीत फ्रान्सच्या कोंतेने १७९५ मध्ये काढली. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. त्यातून वीज जाते, पण अडखळत, म्हणून ते तापते. धूर येतो तो मुख्यतः त्यात मुरवलेल्या मेणाचा.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने कोळशाच्या दोन कांड्यांत फट ठेवून विजेची लखलखती कमान पेटवून दाखवली. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे आली, १९१३ मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला. मग सिनेमा बैलगाड्यांतून, ट्रकांतून गावोगावच्या जत्रांत पोचला, आणि तिथला पडदा उजळला तो याच कमानीने.

यंत्रामागच्या पेटीत दोन कार्बन समोरासमोर असत. त्यांचे टोक ३५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापे. जळता जळता कांड्या झिजत, फट वाढे, पडदा अंधारे आणि आम्ही शिट्ट्या मारत असू. मग आपरेटर काळ्या काचेतून पाहत मूठ फिरवून कार्बन जवळ आणी. मी एकदा त्या उजेडाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळलो. तो माणूस रोज रात्री त्या झळीत आणि धुरात उभा असे. नटांची नावे आम्हाला तोंडपाठ होती; त्याचे नाव कुणी विचारले नाही. पुढे झेनॉनचे दिवे आले, आणि कार्बन सांभाळणारा हात लागेनासा झाला.

हे सारे सांगितल्यावर नातू म्हणाला, "मग तो सिनेमा कधी बघायचा?"

"तो कार्बन बघायचा," मी म्हणालो.