हिमाची राखण

पावसाळ्याच्या ऐन भरांत, महाबळेश्वरच्या पठारावर धुक्यावांचून कांहीं दिसत नाहीं अशा दिवसांत, शहरांतील दुकानांत स्ट्रॉबेरी मिळते. खड्यासारखी टणक, पिशवींत खडखड वाजणारी, पण रंगानें थेट माघ महिन्यांतली. ज्यांनीं पांचगणीहून एखादी करंडी पुण्यापर्यंत आणून पाहिली असेल, त्यांस ह्यांतील नवल निराळें सांगावयास नको. घाट उतरेपर्यंत खालचा थर पाझरूं लागतो, आणि दोन-तीन दिवसांत करड्या बुरशीचे ठिपके दिसतात. साल नाहीं, कवच नाहीं, आणि अंगांत दहांपैकीं नऊ भाग पाणी, असें हें फळ. तें महिनेच्या महिने टिकतें कसें, हा एक प्रश्न; आणि टिकलेलें फळ निर्दोष असतें काय, हा दुसरा. मनुष्यानें पहिला प्रश्न सोडविला, आणि त्याबरोबर दुसराहि सुटला असें तो समजून चालला. ह्या समजुतीचें फळ पुढें शाळेंतल्या मुलांस भोगावें लागलें. तो इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

थंडीनें अन्न टिकतें हें ज्ञान जुनेंच आहे. १८३३ सालीं बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर ह्या व्यापाऱ्यानें ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतील सुमारें १०० टन शिल्लक उरला, आणि पुढें मुंबईसहि असा बर्फ येऊं लागला. परंतु बर्फाची शक्ति मर्यादित. तो पदार्थ गार ठेवतो, गोठवीत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या वायव्य भागांतील शेतकरी स्ट्रॉबेरी साखरेसह मोठमोठ्या पिंपांत भरून शीतगृहांत गोठवूं लागले. पिंपाच्या मध्यापर्यंत थंडी पोंचावयास फार वेळ लागे. पाणी सावकाश गोठलें म्हणजे त्याचे स्फटिक मोठे होतात व फळाच्या पेशी फाडून टाकतात. असलें फळ वितळल्यावर त्याचा लगदा होई. तो मुरंब्यास चाले, पानांत वाढण्यास चालत नसे.

ही अडचण दूर करण्याची दिशा क्लॅरेन्स बर्ड्‌सआय ह्या अमेरिकन गृहस्थास लॅब्रॅडॉरच्या हिमप्रदेशांत सांपडली. १९१२ सालीं तो तेथें गेला असतां, तेथील रहिवाशांनीं बर्फांतून काढलेला मासा त्या भयंकर थंडींत क्षणार्धांत गोठतो, आणि कित्येक महिन्यांनीं शिजविला तरी ताजाच लागतो, हें त्यानें पाहिलें. थंडी जितकी तीव्र, तितके स्फटिक बारीक, आणि तितकी पेशींस इजा कमी. पुढें त्यानें अतिथंड धातूच्या पत्र्यांमध्यें अन्नाचे पुडे दाबून गोठविण्याचें यंत्र सिद्ध केलें, आणि ६ मार्च १९३० रोजीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गांवीं मांस, मासे, वाटाणे, पालक व फळें ह्यांचे गोठविलेले पुडे दुकानांत प्रथम विक्रीस मांडले गेले.

पण गोठविणें ही अर्धीच गोष्ट झाली. गोठलेलें फळ ग्राहकाच्या घरीं जाईपर्यंत मध्यें कोठेंहि वितळतां कामा नये. मेरी पेनिंग्टन ह्या विदुषीस स्त्री म्हणून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठानें पदवी नाकारून केवळ प्रमाणपत्र दिलें होतें. पुढें सरकारी अन्नसंशोधनशाळेची प्रमुख होऊन तिनेंच आगगाडीच्या शीतडब्यांची परीक्षा करून त्यांचे नियम घालून दिले. फ्रेडरिक जोन्स ह्या कृष्णवर्णी यंत्रज्ञानें १९४० च्या सुमारास मालमोटारीवर बसेल असें शीतयंत्र बनविलें. १९४८ पासून कॅलिफोर्नियांतील एका सरकारी प्रयोगशाळेंत, कोणता पदार्थ किती उष्णमानास किती दिवस टिकतो ह्याचीं मोजमापें झालीं. शून्य फॅरनहाइट, म्हणजे उणें १८ अंश सेल्सियस, ही मर्यादा व्यापारांत रूढ झाली. गोठविलेल्या स्ट्रॉबेरीसाठीं १९८१ सालीं जें आंतरराष्ट्रीय मानक ठरलें, त्यांतहि फळाच्या गाभ्यापर्यंत हेंच मान सांगितलें आहे. शेत, कारखाना, शीतगृह, जहाज आणि दुकान ह्यांची अशी एक अखंड शीतसांखळी तयार झाली.

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. परंतु ह्या विजयांत एक गोष्ट नजरेआड झाली. उणें १८ अंशांस जंतु वाढत नाहींत हें खरें. पण ते सगळे मरत नाहींत, आणि विषाणु तर महिनोगणती तसेच राहतात. वाटाणा गोठविण्यापूर्वीं कढत पाण्यांतून काढतात. स्ट्रॉबेरीस ती आंच सोसत नाहीं, म्हणून तिला अग्नीचा स्पर्श होतच नाहीं. हिम हा पहारेकरी आहे. पेटींत सोनें ठेवा कीं विंचू ठेवा, तो दोहोंचीहि सारखीच राखण करितो.

१९९७ सालच्या प्रारंभीं अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत २३ शाळांमधील २१३ जणांस, आणि दूरच्या मेन संस्थानांत १३ शाळांमधील २९ जणांस संसर्गजन्य कावीळ झाली. शाळेच्या जेवणांत वाढलेली गोठविलेली स्ट्रॉबेरी हें त्याचें मूळ निघालें. तीं फळें १९९६ च्या वसंत ऋतूंत मेक्सिकोंत तोडलेलीं व कॅलिफोर्नियांत गोठविलेलीं होतीं. तोडणीच्या वेळीं देंठ शेतांतच उघड्या हातांनीं काढीत, आणि मजुरांस हात धुण्याची सोय अपुरी होती. ह्या रोगाचीं लक्षणें दिसावयास सरासरीनें चार आठवडे लागतात. तोंवर काय खाल्लें होतें, हें मुलांनीं आठवावें तरी कसें? शिवाय त्या सरकारी भोजनयोजनेंत स्वदेशी मालच चालत असल्यामुळें विक्रेत्यानें फळाचें मूळ खोटें सांगितलें होतें. तो गुन्हा पुढें न्यायालयांत कबूल झाला.

पंधरा वर्षांनीं, २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत, पूर्व जर्मनीच्या पांच प्रांतांत जवळजवळ ११,००० लोक वांत्या व हगवण ह्यांनीं आजारी पडले. त्यांत बहुतेक शाळा व बालगृहें ह्यांतील मुलें होतीं. चीनहून आलेल्या गोठविलेल्या स्ट्रॉबेरीच्या एकाच, सुमारें २२ टनांच्या, खेपेपर्यंत माग पोंचला, आणि त्या फळांत नोरो विषाणु सांपडला.

ह्या दोन प्रसंगांवरून आम्हांस असें वाटतें कीं, शीतसांखळीची पहिली कडी यंत्रांत नाहीं. ती तोडणाऱ्या मजुराच्या हातांत आहे. आजोबांच्या काळीं फळ ओळखीच्या माळ्याकडून येई. वाईट निघालें तर दुसऱ्या दिवशीं त्यास विचारतां येई. हिमानें फळाचें आयुष्य वाढविलें, तसें खाणारा व पिकविणारा ह्यांमधील अंतरहि वाढविलें. रंग, वास व स्पर्श ह्या आपल्या जुन्या कसोट्या विषाणूपुढें निरुपयोगी आहेत. त्यांच्या जागीं आतां नोंदवही आली आहे: फळ कोणत्या शेतांतून आलें, कोणत्या पाण्यानें धुतलें, कोणत्या खेपेंत गोठलें. ती नोंद खोटी असली तर सारी थंडी व्यर्थ होय.

भारतांतील बहुतेक स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पांचगणीच्या परिसरांत पिकते. २०१० सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. तेव्हां हा इतिहास आपल्यास परका नाहीं. शेताच्या बांधापाशीं स्वच्छ पाणी, साबण व शौचकूप असणें ही मजुरांवर केलेली मेहेरबानी नव्हे. उणें १८ अंशांइतकाच तो ह्या धंद्याचा नियम असला पाहिजे. राहतां राहिलें घर. पिशवींतील फळें सुटीं न राहतां एक गोळा झालीं असतील, तर तीं वाटेंत वितळून पुन्हां गोठलीं असें समजावें व घेऊं नयेत. लहान मुलांस किंवा आजाऱ्यांस द्यावयाचीं असल्यास चांगलीं उकळूनच द्यावीं. त्यानें चव थोडी उतरेल. परंतु जें काम हिमाच्यानें होत नाहीं, तें चूल करून देते.