२३ एप्रिलची कुळकथा

२३ एप्रिलला स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात रस्तोरस्ती पुस्तकांची टेबलं मांडलेली असतात आणि शेजारीच गुलाब विकायला असतात. लाल गुलाबाच्या देठाला गव्हाची एक ओंबी आणि तिथल्या कातालोनिया प्रांताच्या ध्वजाची पिवळी-तांबडी फीत बांधलेली असते. जिवलगांना गुलाब आणि पुस्तक द्यायचं, ही तिथली रीत. आज जगभर साजरा होणारा ‘जागतिक पुस्तक आणि स्वामित्वहक्क दिन’ याच शहरातून आला.

गुलाबाची प्रथा जुनी, मध्ययुगातली. २३ एप्रिल हा कातालोनियाचा रक्षक संत जॉर्ज याचा सण. पुस्तकाची जोड मात्र विसाव्या शतकातली. बार्सिलोनात ‘सर्वांतेस’ नावाची प्रकाशनसंस्था चालवणारे विसेंत क्लावेल यांनी वर्षातला एक दिवस पुस्तकांचा असावा, असा आग्रह धरला. ६ फेब्रुवारी १९२६ रोजी राजा तेरावा अल्फोन्सो याने तसा हुकूम काढला आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, म्हणजे स्पॅनिश लेखक सर्वांतेसचा जन्मदिवस मानल्या गेलेल्या तारखेला, पहिला ग्रंथदिन झाला. १९३० साली तो सर्वांतेसच्या स्मृतिदिनी, २३ एप्रिलला आणला गेला. वसंतातली हवा, सणाची गर्दी आणि उघड्यावरची दुकानं असा सगळा मेळ जमला.

१९९५ साली पॅरिसच्या अधिवेशनात युनेस्कोने हा दिवस जगाचा केला. शेक्सपिअरचीही पुण्यतिथी हीच, असं तेव्हा आवर्जून सांगितलं गेलं. खरं तर १६१६ साली इंग्लंडमध्ये जुनी दिनदर्शिका चालू होती. तिथला २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधला ३ मे. सर्वांतेसही बहुधा २२ तारखेला वारला, २३ला त्याचं दफन झालं. युनेस्कोपुढचा प्रस्ताव स्पेनचा होता. त्यात लेखकांच्या हक्कांचा विषय रशियाच्या सूचनेवरून आला.

हा विषय ज्याच्या स्मृतीशी जोडला गेला, त्या सर्वांतेसने लेखनाच्या चोरीचा मार स्वतः सोसला होता. ‘डॉन किहोटे’ या त्याच्या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला आणि त्याच वर्षी लिस्बनमध्ये त्याच्या परवानगीविना आवृत्त्या निघाल्या. १६१४ साली तर आवेयानेदा असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी परस्पर दुसरा भागच छापला आणि प्रस्तावनेत सर्वांतेसच्या म्हातारपणाची, लढाईत निकामी झालेल्या हाताची टवाळी केली. तेव्हा दाद मागायला आजच्यासारखा कायदा नव्हता. सर्वांतेसने उत्तर दिलं ते लेखणीने. १६१५च्या अस्सल दुसऱ्या भागात त्याचा नायक तोतया पुस्तकाला खोटं पाडण्यासाठी ठरलेली वाट सोडून बार्सिलोनाला जातो. तिथल्या छापखान्यात त्याच पुस्तकाची मुद्रितं तपासली जात असतात! पुढे तोतया पुस्तकातलंच एक पात्र त्याला भेटतं आणि खरा किहोटे हाच, अशी जबानी गावच्या अधिकाऱ्यासमोर लिहून देतं.

लेखकाचा हक्क प्रथम कायद्यात आला तो इंग्लंडमध्ये, १७१० साली. आपल्याकडे १९५७चा कायदा आहे. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे हक्क संपत आले, तेव्हा १९९२ साली मृत्यूनंतरच्या संरक्षणाची मुदत ५० वर्षांवरून ६० वर्षं झाली.

आज आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्याकोऱ्या मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ येते आणि पाठवणाऱ्याला वाटतं, आपण वाचनसंस्कृती वाढवतो आहोत. त्या फाइलमधून लेखकाला रॉयल्टी मिळत नाही, की प्रकाशकाला पुढच्या आवृत्तीसाठी कागदाचे पैसे सुटत नाहीत. पुस्तक विकत घेणं परवडत नसेल तर वाचनालयाची वर्गणी भरावी, मित्राची प्रत मागून वाचावी; त्यात लेखकाचं काही लुबाडलं जात नाही. चोरीची फाइल मात्र पुढे पाठवू नये. पुस्तकावर आपलं प्रेम असेल, तर ते लिहिणाऱ्याच्या कष्टाचा मोबदला त्याच्या हाती पडायलाच हवा.